कंपनीच्या बसमधली क्रेडिट कार्डं

बस पळायला लागली की माणसं झोपतात आणि बस अडकली की बोलतात, हे मला चाकणच्या कंपनीत लागल्यावर कळलं. आमची कंपनीची बस संध्याकाळी चाकणहून निघते आणि मोशीत येऊन उभी राहते. स्टॉप असतो म्हणून नाही, पुढे कंटेनर असतात म्हणून. नंतर भोसरी, नाशिक फाटा, पिंपरी, चिंचवड करत ती आकुर्डीला जाते, पण खरा प्रवास मोशीतच होतो. त्या उभ्या बसमध्ये लग्नं जमलीत, भांडणं मिटलीत, एकाने तर खिडकीतून बोर्ड वाचून फ्लॅट बुक केलाय. त्यामुळे किस्से जमवायला मला वेगळं काही करावं लागलं नाही. घरात पिशव्यांची एक पिशवी असते ना, तसं झालंय. एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात.

त्यातही सगळ्यात जास्त किस्से क्रेडिट कार्डांचे. त्याचं कारण साधं आहे. कार्ड विकणाऱ्या मुलामुलींचे फोन बरोबर त्याच वेळेला येतात आणि मोशीत अडकलेल्या माणसाला “मी बिझी आहे” असं म्हणता येत नाही.

मी सविता. क्वालिटीत आहे, दापोडीला राहते. आमचा कंपू बसच्या मागच्या बाजूचा. पहिला किस्सा आमच्या देवधर साहेबांचा.

*

देवधर साहेब अकाउंट्सला आहेत. वाचल्याशिवाय ते कशावरही सही करत नाहीत. बिस्किटाच्या पुड्यामागचं बारीक अक्षरसुद्धा आधी वाचतात, मग पुडा फोडतात. कार्डवाल्यांचे फोन आले की आपण सगळे कट करतो. साहेबांच्या बाबतीत उलटं होतं. फोन समोरचे लोक ठेवायचे.

एकदा एका मुलीचा फोन आला. लाइफटाइम फ्री कार्ड आहे म्हणाली. साहेबांनी शांतपणे विचारलं, “कोणाच्या लाइफटाइम? माझ्या की कार्डाच्या?”

मुलगी हसली आणि तिथेच फसली. साहेबांनी एकेक विचारायला सुरुवात केली. दुसऱ्या वर्षी फी लागते का, ती माफ व्हायला खर्च किती करावा लागतो, त्या खर्चात पेट्रोल धरतात की नाही, एक पॉइंट म्हणजे नक्की किती पैसे, आणि ते पॉइंट मरतात कधी. मुलगी चिकाटीची होती. थांबा सर म्हणायची, कोणाला तरी विचारून यायची, परत बोलायची. मोशी संपली, भोसरीचा पूल आला, तरी चालूच.

मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. म्हणाली, “सर, एक विचारू का? माझ्याकडेच तीन कार्डं आहेत. त्यातलं कुठलं ठेवू?”

देवधर साहेब सरसावून बसले. इतकी वर्षं आम्हाला फुकट सल्ले देत होते, पण कोणी आपण होऊन विचारलं नव्हतं. नाशिक फाट्याला मी उतरले तेव्हा ते तिला व्याज कसं मोजतात ते सांगत होते. दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन आला. आम्हाला वाटलं, आता विकणार. तर तिने दोन कार्डं बंद केली होती आणि तेवढंच सांगायला फोन केला होता. ठेवता ठेवता म्हणाली, “आणि सर, आमचं कार्ड तुम्ही घेऊ नका. तुमचे सगळे प्रश्न मी आमच्या सिनियरना विचारले. त्यांनाही उत्तरं माहीत नाहीत.”

*

आता तुम्हाला वाटेल, असा माणूस बसमध्ये असताना कोणी कार्ड घेतलंच नसेल. पण दसऱ्याच्या आधी एका बँकेने आमच्या कॅन्टीनबाहेर टेबल मांडलं आणि टेबलावर निळ्या ट्रॉली बॅगा रचून ठेवल्या. कार्डाचा अर्ज भरला की बॅग फुकट.

देवधर साहेबांनी जेवताना सगळ्यांना बजावलं. बॅग हवी असेल तर बाजारातून विकत घ्या, स्वस्त पडेल. सगळ्यांनी माना हलवल्या, ताटं ठेवली आणि रांगेत उभे राहिले. थोड्या वेळाने बघते तर साहेबही रांगेत. म्हणाले, मी फक्त अटी वाचायला आलोय. अटी वाचून ते परतले तेव्हा त्यांच्या हातात बॅग होती. त्यातल्या त्यात बऱ्या अटी आहेत, असं त्यांचं मत पडलं.

आमच्या बसचे ड्रायव्हर गायकवाड मामा, त्यांनीही अर्ज भरला. मामा मोशीचे, पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांच्या शेतात पूर्वी ज्वारी असायची, आता तिथे मोठी इमारत आहे आणि ती त्यांच्या घरची आहे. मामांना कामाची गरज नाही. पण घरी बसलं की गुडघे धरतात, असं ते म्हणतात, म्हणून बस चालवतात. हे सगळं अर्जात लिहायला जागा नव्हती. त्यांनी व्यवसाय म्हणून ‘ड्रायव्हर’ लिहिलं.

आठवड्याने त्यांना इंग्रजीत मेसेज आला. त्यांनी तो गाडी उभी असताना आमच्याकडे वाचायला दिला. उत्पन्न स्थिर नसल्यामुळे अर्ज नामंजूर, असं लिहिलं होतं. आम्हाला वाईट वाटलं. त्यांचा नंबर लागेपर्यंत टेबलावरच्या बॅगा संपल्या होत्या, त्यामुळे त्यांना बॅगही अर्ज मंजूर झाला तरच मिळणार होती. मामांनी मोबाइल खिशात टाकला. सुट्टीच्या दिवशी मात्र त्याच बँकेच्या मोशीतल्या शाखेत गेले. मॅनेजरने उठून खुर्ची दिली, चहा मागवला, कारण शाखा मामांच्याच इमारतीत, तळमजल्यावर आहे.

मामांनी मोबाइल पुढे ठेवला. म्हणाले, “सायेब, माझं उत्पन्न म्हंजी तुमचं भाडं. ते स्थिर हाय का न्हाई, ते तुमीच सांगा. न्हाई म्हनलात, तर मला बी इचार करावा लागंल.”

मॅनेजरने तिथल्या तिथे वर फोन लावला. चूक झाली म्हणाला, कार्ड उद्याच्या उद्या घरपोच देतो म्हणाला, वरच्या दर्जाचं देतो म्हणाला. मामांनी चहा संपवला आणि बशी सरकवली. “कार्ड ऱ्हाऊ द्या. ती निळी बॅग तेवढी द्या.”

*

त्या बॅगांनी दिवाळीत जो घोळ घातला तो असा. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी निम्मी बस कंपनीतून थेट गावाला निघाली होती आणि प्रत्येकाकडे तीच निळी बॅग. चिंचवडला देवधर साहेब उतरले आणि आमचा संतोषही उतरला. संतोष असेंब्ली लाइनवर आहे, उदगीरकडचा. तो गावची बस पकडायला निघाला होता आणि साहेब दुसऱ्या दिवशी बायकोबरोबर महाबळेश्वरला जाणार होते, तिथल्या थंडीचं सामान त्यांनी चाकणलाच घेऊन बॅगेत भरलं होतं. दोघांनी आपापली समजून एकमेकांची बॅग उचलली.

संतोषने उदगीरला सगळ्या घरादारासमोर बॅग उघडली. बायकोला नवी साडी द्यायची होती. आतून निघाला थर्मल पायजमा, गरम पाण्याची पिशवी आणि माकडटोपी. बायको बघतच राहिली. त्याच्या वडिलांनी मात्र टोपी लगेच घालून पाहिली आणि बरी आहे म्हणाले.

तिकडे महाबळेश्वरच्या हॉटेलात देवधर बाईंनी बॅग उघडली. वरच नवी कोरी साडी, मोरपंखी, जरीच्या काठाची. बाई साडी हातात घेऊन पलंगावर बसल्या. लग्न झाल्यापासून या माणसाने त्यांना न विचारता, किमतीचं न बोलता कधी काही आणलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांना काय झालंय ते कळलं, पण तोंड उघडायची सोय राहिली नव्हती.

तेवढ्यात संतोषचा फोन. “साहेब, माझ्या बायकोची साडी तुमच्याकडं आली का हो?”

साहेब बायकोकडे बघत फोनवर म्हणाले, “हो, हो. तिला फार आवडली.”

सुट्टी संपल्यावर साहेबांनी संतोषला आणि त्याच्या बायकोला चिंचवडच्या दुकानात नेलं आणि तिला म्हणाले, वहिनी, हवी ती घ्या. तिने आधीच्यापेक्षा भारी साडी काढली. साहेबांनी कार्ड दिलं. संतोष सांगतो, त्या दिवशी साहेबांनी बिलाकडे पाहिलंच नाही, नुसतं हसत उभे होते. पुढच्या दिवाळीला मात्र त्यांनी आपल्या बॅगेला लाल फीत बांधली. बॅग घरी आल्या आल्या देवधर बाईंनी ती सोडून टाकली. म्हणाल्या, असू दे की तशीच.

*

संतोषचा जीव त्या कार्डाच्या दुसऱ्याच गोष्टीवर बसला होता. कार्डावर विमानतळाचं लाउंज होतं. म्हणजे विमानाला वेळ असेल तर आत सोफ्यावर बसायचं आणि मिळेल तेवढं जेवायचं, नाममात्र पैसे कापून. संतोष विमानात कधी बसला नव्हता. त्याचं म्हणणं, मला विमान नकोच आहे, मला जेवण पाहिजे. एका रविवारी तो खरंच लोहगावच्या विमानतळावर गेला. दारावरच्या जवानाने तिकीट मागितलं. संतोषने कार्ड दाखवलं. जवानाने त्याला प्रेमाने रिक्षा स्टँड दाखवला.

मग वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे पिंपरीत झालं. चांगलं झालं. बहीण नागपूरला असते, अण्णांना तिच्याकडे सोडायचं होतं. संतोषने आधीपासून स्वस्त तिकिटं शोधून ठेवली होती. त्याने अण्णांना विमानाने न्यायचं ठरवलं. ट्रेनच्या तिकिटापेक्षा जास्त जातील ते लाउंजमध्ये वसूल होतील, असा त्याचा हिशेब. देवधर साहेबांनी विचारलं की बरोबरच्या माणसाचं फुकट आहे का, ते वाचलंस का. संतोष म्हणाला, असणारच की.

नव्हतं. लाउंजच्या काउंटरवर संतोषचे नाममात्र पैसे कापले गेले आणि अण्णांचे पूर्ण. संतोषचा चेहरा उतरला. अण्णांनी विचारलं, किती गेले? संतोषने खोटं सांगायचा प्रयत्न केला, पण बापाला डोळे नवे बसवलेले, त्यांना सगळं दिसत होतं. अण्णांनी आकडा ऐकून घेतला. मग त्यांनी धोतर सावरलं, प्लेट उचलली आणि एका टोकाकडून सुरुवात केली. इडली, पुलाव, पुरी, केक, सूप, परत इडली. फ्लाइटची घोषणा झाली, संतोष उठला. अण्णा उठेनात.

“थांब की जरा,” ते म्हणाले. “आजून फिटलं न्हाई.”

विमानात हवाई सुंदरीने सँडविच हवं का विचारलं, तर अण्णांनी हात जोडले. नको बाई, आमी जेवून आलाव. मग ते खिडकीकडे वळले ते नागपूर येईपर्यंत वळलेलेच. ऑपरेशननंतर लांबचं म्हणून जे पहिलं नीट दिसलं, ते ढग. तेही वरून. संतोष म्हणतो, ताई, मी लाउंजचे पैसे मोजणं तिथंच सोडून दिलं.

*

आता दुसऱ्यांचं इतकं सांगितल्यावर माझ्या घरचं झाकून ठेवणं बरं नाही. माझा नवरा मिलिंद एका छापखान्यात आहे. मला कार्ड मिळालं त्या वर्षी एका दुकानात कार्डावर दहा टक्के सूट लागली. पण अमुक एका रकमेच्या वर खरेदी केली तरच. आम्ही मिक्सर घ्यायला गेलो होतो. रक्कम थोडी कमी भरत होती. मिलिंद म्हणाला, सूट सोडायची नाही. एक कढई घेतली. तरी थोडी कमी. चादर घेतली. तरी थोडी कमी. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या कुकरवर गेली. हॉटेलवाले वापरतात तसला, बुटक्या पिंपाएवढा.

घरात आम्ही दोघंच. तो कुकर ओट्यावर मावेना, फळीवर मावेना. शेवटी पलंगाखाली गेला आणि तिथेही पलंग जरा उचलून धरावा लागला. मी रोज झाडताना त्याला धडकायची. एकदा वैतागून म्हणाले, “पन्नास माणसांचा कुकर आणलास ना, आता पन्नास माणसं आण.”

मिलिंद हो म्हणाला. मला वाटलं, टाळतोय.

चौदा एप्रिलला आमच्या दापोडीच्या गल्लीत जयंतीची मोठी गडबड असते. मिरवणुकीची तयारी, निळे झेंडे, पहाटेपासून गाणी. त्या सकाळी मी दार उघडलं तर मिलिंद आख्खी गल्ली घेऊन उभा. कोणाच्या हातात तांदूळ, कोणाच्या हातात डाळ, कोणी कांदे घेऊन आलेलं. कुकर पलंगाखालून निघाला आणि गल्लीत विटांवर चढला. त्या दिवशी त्याने कितीदा खिचडी शिजवली कोण जाणे. शिट्टी झाली की पोरं टाळ्या वाजवायची. आता तो कुकर आमच्याकडे राहतच नाही. बारसं, वाढदिवस, साखरपुडा, गल्लीत फिरत असतो. परवा मला घरच्या कामाला हवा होता तर मला नंबर लावावा लागला.

*

हे सगळे हसण्याचे किस्से. रेखाचं तसं नव्हतं, निदान सुरुवातीला तरी.

रेखा स्टोअरला आहे. नवऱ्याचा स्वतःचा टेम्पो, मुलगी आकुर्डीला इंजिनिअरिंगला. एके दिवशी संतोष कार्डाचं बिल भरायला विसरला आणि त्याला दंड लागला, त्यावरून बसमध्ये त्याची चेष्टा चालली होती. तेव्हा रेखा जरा अभिमानाने म्हणाली की तिचं एकदाही चुकलेलं नाही. मेसेज आला की त्याच दिवशी ती मिनिमम, म्हणजे बिलातली कमीत कमी रक्कम, भरून मोकळी होते.

देवधर साहेब चष्मा पुसत होते, ते थांबले. त्यांनी विचारलं, “फक्त मिनिमम? केव्हापासून?”

मुलीची पहिल्या वर्षाची फी कार्डावर भरली, तेव्हापासून. बोनस आला की सगळे फेडायचे होते, पण बोनस टेम्पोच्या इंजिनात गेला. मुलगी आता तिसऱ्या वर्षाला होती.

साहेबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. म्हणाले, “ही बस बघ. इंजिन चालू आहे, डिझेल जळतंय आणि आपण मघापासून त्याच दुकानासमोर उभे आहोत. मिनिमम भरणं म्हणजे हे.”

रेखाला कळायला वेळ लागला नाही. तिने तोंड खिडकीकडे वळवलं. मी तिच्या शेजारी होते. ती हळूच म्हणाली, “म्हणजे इतके दिवस मी काहीच फेडलं नाही?” आणि मग, “यांना कळलं तर हे टेम्पो विकतील.”

दुसऱ्या दिवसापासून आमच्या मागच्या बाकांवर दुसरा विषय नव्हता. एका बँकेची थकबाकी दुसऱ्या बँकेच्या कार्डावर कमी व्याजाने न्यायची, त्याला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात, हे संतोषला तेव्हा कळलं. त्याने आधी मोबाइलवरचं झटपट कर्ज सुचवलं, पाच मिनिटांत पैसे. साहेब म्हणाले, जो पाच मिनिटांत देतो तो पाच मिनिटांत मागायलाही येतो. ते बारगळलं.

दोन ऑफर उरल्या. एका बँकेचं व्याज तीन महिने शून्य. दुसरीचं व्याज थोडं, पण मुदत मोठी आणि सुरुवातीलाच एकदा फी. सगळ्यांचं मत पडलं शून्यावर. रेखाचंही. शून्य म्हटल्यावर कोण सोडेल? साहेबांनी फक्त विचारलं, तीन महिन्यांत सगळे फेडशील का? ती नाही म्हणाली. मग चौथ्या महिन्याचं वाच, म्हणाले. तिने बारीक अक्षरातलं मोठ्याने वाचलं. चौथ्या महिन्यापासून व्याज आत्ताएवढंच होतं.

“मग हे शून्य तुझ्यासाठी नाही,” साहेब म्हणाले. “हे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्यासाठी आहे.”

दुसरी ऑफर घ्यायची ठरली. फी देताना रेखाचा हात जड झाला, पण आत्ताच्या व्याजापुढे ती फी काहीच नव्हती, ते साहेबांनी तिला मांडून दाखवलं. घरी नवऱ्याला मात्र तिलाच सांगायचं होतं. सोमवारी ती बसमध्ये आली ती हसत आणि डोळे सुजलेले. नवरा रागावलाच नव्हता. सगळं ऐकून म्हणाला होता, “एवढंच ना? मला वाटत होतं तुला काही दुखतंय, म्हणून तू गप्प असतेस.” टेम्पो विकायचा विषयही निघाला नाही. उलट तो मोशीच्या मार्केटमधून पहाटेचा भाजीचा फेरा मारायला लागला.

साहेबांची एकच अट होती. हप्ते संपेपर्यंत रेखाने कुठलंच कार्ड वापरायचं नाही, नवं नाही आणि जुनंही नाही. रेखा म्हणाली, घरात असलं तर वापरलं जाईलच, मी मला ओळखते. मी ठेवते म्हणाले, तर सगळे माझ्या कुकरचं नाव घेऊन हसले. शेवटी तिने दोन्ही कार्डं पाकिटात घातली, पाकीट चिकटवून त्यावर सही केली आणि ते गायकवाड मामांकडे दिलं. मामांनी ते बसच्या प्रथमोपचार पेटीत ठेवलं, कापूस आणि आयोडीनच्या मधे.

“आता जखम झाली तरच उघडायची,” मामा म्हणाले.

दोनच महिन्यांत ऑनलाइन सेल लागला. रेखाने फ्रिज बघून ठेवला होता, जुना फ्रिज गळत होता म्हणे. चाकणला बसमध्ये चढताना ती मामांजवळ थांबली आणि जरा लाजत म्हणाली की ते पाकीट द्या, एका दिवसापुरतं.

मामांनी पेटी काढली, मांडीवर ठेवली, झाकण उघडलं. कापूस काढला, आयोडीन काढलं, पट्टी काढली. मग तिच्याकडे वर बघितलं आणि म्हणाले, “व्हय. दाखव, कुठं लागलंय?”

रेखा मागे येऊन माझ्या शेजारी बसली आणि भोसरीपर्यंत हसत होती. जुना फ्रिज नवऱ्याने रविवारी दुरुस्त केला.

*

आणि आता शेवटचा. रेखाचे हप्ते संपले तेव्हाचा.

त्या दिवशी तिने सगळ्यांना पेढे वाटले आणि ठरवलं की ते जुनं कार्ड आजच बंद करायचं. मोशीत बस उभी होती. तिने बँकेला फोन लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. मामांनी आपण होऊन इंजिन बंद केलं. मागच्या-पुढच्या सगळ्यांनी माना वळवल्या.

पलीकडचा मुलगा गोड बोलणारा होता. कार्ड बंद करायचंय म्हटल्यावर तो हळहळला. मॅडम, तुम्ही आमच्या इतक्या जुन्या ग्राहक आहात, वर्षाची फी माफ करतो. रेखा नको म्हणाली. मग लिमिट थोडी वाढवून देतो. नको. निदान थोडे बोनस पॉइंट तरी घ्या. नको म्हटलं ना. एक शॉपिंग व्हाउचर पाठवू का? संतोष पुढच्या सीटवरून हो म्हण, हो म्हण अशा खुणा करत होता. रेखा नको म्हणाली. बरं, मग यातलं काहीच नको असेल तर छोटंसं कर्ज देतो, कमी व्याजाने, आजच्या आज खात्यात. देवधर साहेबांनी डोळे मिटून घेतले. रेखा म्हणाली, खरंच नको हो, पुरे आता.

मुलाने आग्रह सोडला. मग त्याने पंगतीतल्या यजमानासारखं अगदी मनापासून विचारलं, “मॅडम, आमच्या सेवेत काही कमी राहिलं का?”

रेखाने पेढ्यांच्या डब्याचं झाकण लावलं.

“नाही हो, दादा,” ती म्हणाली. “कमी काहीच नाही. सगळं भरपूर झालं. आता तुम्हीपण बसून घ्या.”